डोक्याप्रमाणे की कामाप्रमाणे

प्रिय माओलिन,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, कुणाला काही झालेलं नाही आणि मी आजारीबिजारी अजिबात नाही. आ-ख्वान तिकडे व्हिएतनामला तुमची भट्टी दुरुस्त करायला येतोय ना, त्याच्या पिशवीत हे पत्र घालते आहे, आपल्या लूकांगच्या त्या लांबट, गोड बैलजिभी पोळ्यांच्या डब्याखाली. तू डबा आधी उघडणार हे मला माहीत आहे. उघड खुशाल, पण खाता खाता वाच. फोनवर लिहिलं असतं तर तू ते मान डोलावणारं अस्वलाचं चित्र पाठवलं असतंस आणि विषय तिथेच संपला असता. मी नवऱ्याशी बोलते की त्या अस्वलाशी, हेच मला हल्ली कळेनासं झालंय. कागदावर अस्वल येत नाही, म्हणून हा कागद.

आत्ता जेवणानंतरची झोपेची वेळ आहे. दिवे मालवलेत, पडदे ओढलेत आणि अख्खं हिशेबखातं आपापल्या टेबलावर उशीत तोंड खुपसून पडलंय. शेजारची आ-थाओ तर अशी घोरतेय की खालच्या नळांच्या पॉलिशच्या मशीनलाही लाज वाटावी. मी जिन्यातल्या खिडकीपाशी येऊन बसलेय. महिना झाला, मला दुपारची झोप नाही. बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. सकाळी चहाचं पाणी आणायला गेले आणि रिकामा थर्मास हातात घेऊन परत आले. आ-थाओ वैतागून म्हणाली, "सूछिंग, तू एक तर बस, नाहीतर घरी तरी जा. तुझ्याकडे बघून माझं ब्लडप्रेशर वाढतं." तिला काय सांगणार? माझं मन थाऱ्यावर नाही आणि कारण सांगायचं तर ते तुलाच सांगायला हवं.

कारण म्हणशील तर नवी खतावणी. हसू नकोस. तू भट्टीवरचा माणूस, तुला खतावणी म्हणजे आमची कागद खालीवर करायची हौस वाटते. पण ऐक. करखात्याला दाखवायची आपली खतावणी वेगळी, ती होती तशीच राहणार. ही दुसरी, कंपनीनं स्वतःसाठी ठेवायची, कोणतं खातं कमावतं आणि कोणतं नुसतं खातं हे मालकांना कळावं म्हणून. आतापर्यंत अशी काही खतावणी होती असं म्हणणंच धाडसाचं आहे. मालकीणबाईंच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक खातं होतं, त्याचं नाव 'इतर'. कशाखाली टाकायचं कळलं नाही की 'इतर'. देवळाची वर्गणी 'इतर', धाकट्या मालकांची गाडी 'इतर', आणि तुझा व्हिएतनामचा कारखाना तर लूकांगच्या कारखान्यात असा मिसळलेला की एकाच भांड्यातला भात आणि मटार. कुणाची चूल पेटतेय आणि कुणाची विझतेय, कुणालाच कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

आता धाकट्या मालकांना कळून घ्यायचंय. थोरले मालक गेल्यापासून त्यांना घाई झालीय. त्यांनी तैपेईहून नवं सॉफ्टवेअर आणलं आणि त्याच्याबरोबर मिस चिएन नावाची एक मुलगी आणली, चाकाच्या बॅगेसकट. पोरगी हुशार आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आल्या आल्या तिनं आम्हाला गोळा केलं आणि म्हणाली, प्रत्येक खर्चाला एक मालक हवा, बिनमालकाचा खर्च यापुढे चालणार नाही. आ-थाओ लगेच म्हणाली, "मग माझ्या गुडघ्यांनाही एक नंबर द्या बाई, त्यांचा खर्च नवरा घेत नाही आणि मुलगाही घेत नाही." सगळे हसले, मिस चिएनही हसली, पण 'इतर' खातं तिनं त्याच दिवशी बंद केलं. मालकीणबाई दिवसभर हिरमुसून बसल्या होत्या.

आणि हिरव्या पुड्याची गंमत तर तुला सांगायलाच हवी. जुन्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर आपण तो नारळाच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवतो ना, 'शहाण्यासारखं वाग' असं नाव छापलेला, मशीन बिघडू नये म्हणून? मालकीणबाई त्याची तारीख औषधाच्या तारखेसारखी सांभाळतात. नव्या खतावणीच्या पहिल्या दिवशी त्या ताजा पुडा घेऊन आल्या आणि विचारलं, याच्यासाठी कॉम्प्युटर कुठाय? मिस चिएन म्हणाली, कॉम्प्युटर इथे नाही, खतावणी इंटरनेटवर असते, कुठेतरी लांब. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाल्या, "मग मी पुडा ठेवू कुठे? हवेत?" धाकटे मालक आईपुढे कपाळाला हात लावून बाहेर गेले. शेवटी मिस चिएननं स्वतःच्या बॅगेतून तिचा पुडा काढून दाखवला. म्हणाली, मी प्रत्येक कंपनीत नेते, इंटरनेटच्या डब्यावर ठेवला तरी चालतो. त्या क्षणापासून मालकीणबाईंचा तिच्यावर विश्वास बसला. शिक्षणानं जे झालं नसतं ते कुरकुऱ्यांनी झालं.

बरं, मुद्द्यावर येते. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझं असं होतं, तुला माहीत आहे. आपल्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा मी अर्धा तास बाजारातल्या कालवांच्या दरावर बोलत होते.

नव्या खतावणीत लूकांगचा कारखाना वेगळा आणि तुझा बिन्ह झुओंगचा कारखाना वेगळा. तुमचं पितळ तुमच्या नावावर, आमचं आमच्या. इथवर सोपं आहे. अवघड आहे ते मुख्य कचेरीचं. मालकांचा पगार, आमचे पगार, ऑडिट, विमा, हे सगळं दोघांसाठी आहे, मग दोघांत वाटायचं कसं? मिस चिएन म्हणाली, दोन रीती आहेत. एक म्हणजे डोक्याप्रमाणे, ज्याच्याकडे माणसं जास्त त्याच्यावर खर्च जास्त. दुसरी कामाप्रमाणे, कचेरीला ज्याच्यापायी जास्त राबावं लागतं त्याच्यावर जास्त. आता तुमच्याकडे हातानं पॉलिश, म्हणजे माणसंच माणसं. डोकी मोजली तर सगळा बोजा तुमच्या अंगावर. पण तुमचे कागद तुमची थूई तिथल्या तिथे करते, आमच्यापर्यंत येतंच काय? काम बघितलं तर बोजा आमच्याच अंगावर. कोणती रीत घ्यायची ते ठरवून नव्या वर्षाच्या सुट्टीआधी मांडायचं. धाकटे मालक म्हणाले, हे सूछिंगताई ठरवतील, त्यांच्याइतकं जुनं इथे कुणी नाही. आणि मग पेनचं टोपण उघडबंद करत अगदी सहज म्हणाले की जे खातं लाल दिसेल ते उन्हाळ्याच्या आत बंद, मायाबिया नको.

कळलं ना तुला? मला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. डोक्याप्रमाणे म्हटलं की तुझा कारखाना तोट्यात. तोट्यात म्हणजे बंद. बंद म्हणजे तू घरी. आणि ठरवणार कोण, तर मी.

तीन वर्षांसाठी गेला होतास तू, माओलिन. आपली पिनयू तेव्हा शाळेच्या गणवेशात होती, आता ती ताइनानला नोकरी करते आणि मला फोनवर रागावते. दर नव्या वर्षाला तू आलास की मी विचारायची आणि तू मासा निवडत म्हणायचास, कंपनी सोडत नाहीये गं, पुढच्या वर्षी बघू. मी कंपनीला शिव्या घालायची. मालकीणबाईंशी त्या दिवसांत मी नीट बोलायचीसुद्धा नाही, हिनं माझा नवरा अडकवून ठेवलाय म्हणून. आणि बिचाऱ्या त्या, मला वाईट वाटायचं म्हणून, दर वेळी संत्र्यांची पेटी पाठवायच्या. ती संत्री मी शेजाऱ्यांना वाटून टाकायची.

म्हणून जेव्हा मी कॉम्प्युटरवर डोक्याप्रमाणे वाटणी घालून बघितली, नुसती बघायला म्हणून, आणि तुझ्या कारखान्याची ओळ लाल झाली, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अंगातून काहीतरी सळसळत गेलं. मी त्या दिवशी बाजारात गेले आणि तुला आवडतो तो मासा घेऊन आले, एकटीसाठी! घरी येऊन तुझं अर्धं कपाट रिकामं केलं. माझे स्वेटर, शिवणकामाचं सामान, पिनयूची जुनी पुस्तकं, सगळं तुझ्या बाजूला सरकत गेलं होतं, ते सगळं काढलं आणि फडकं मारलं. रिकामे हँगर बघत पलंगावर बसले आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडलेसुद्धा, की आल्या आल्या ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नकोस म्हणून.

दुसऱ्या दिवशी थूईचा फोन आला. खर्चाचे नंबर नीट टाकले का, हे विचारायला. तिची चिनी तुला माहीत आहे, निम्मे शब्द आपण ओळखायचे. सगळं विचारून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "ताई, नवीन खतावणी आली की आमचं काम दिसेल ना? आधी सगळं तुमच्यात मिसळून जायचं. या वर्षी आम्ही फुकट जाणारं पितळ खूप कमी केलं, माओलिन साहेब सगळ्यांना सांगतात, आता लूकांगला दिसेल बघा." मी हो हो म्हटलं. दिसेल म्हटलं. फोन ठेवला आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला. ती पोरगी आनंदानं वाट बघत होती आणि मी तिच्या कारखान्यावर काट मारून इकडे हँगर पुसत होते.

तेव्हापासून हे असं चाललंय. बसवत नाही. एक मन म्हणायचं, अगं, डोक्याप्रमाणे वाटणं काही खोटं नाही, अर्ध्या कंपन्या तसंच करतात, मिस चिएन स्वतः म्हणाली. दुसरं म्हणायचं, तुला माहीत आहे की ते खरं नाही. कचेरीत बसून तूच बघतेस की तुमच्याकडून महिन्याला एक गठ्ठा येतो आणि लूकांगचा रोज डोंगर. देवीला विचारावं म्हणून माझूच्या देवळात गेले, कौल लावायचे ते लाकडी तुकडे हातात घेतले आणि तसेच परत ठेवले. आपल्याला माहीत असलेली गोष्ट देवीला काय विचारायची? उगाच तिला भीड पडायची. पिनयूला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तुला बाबा हवेत की बाबा हरलेले हवेत?" पोरगी कुणावर गेलीय देव जाणे. मी फोन आपटला.

आणि मग कंपनीची वर्षअखेरची मेजवानी झाली. तुमच्यासाठी तिकडे वेगळी असते, त्यामुळे तू काय मजा चुकवलीस ते ऐक. पूर्वी मालक ज्याला नोकरीवरून काढायचा त्याच्याकडे ताटातल्या कोंबडीचं डोकं वळवायचा, ते आता कुणी करत नाही. कोंबडी बिनडोक्याचीच येते, नाहीतर मालक डोकं स्वतःकडे वळवतो. पण या वर्षी हॉटेलात नवा आचारी. त्यानं हौसेनं अख्खी कोंबडी पाठवली, मान ताठ, चोच पुढे, आणि ठेवली कुठे, तर आमच्या टेबलाच्या मधल्या फिरत्या तबकावर! त्यात महिनाभर सगळ्यांचा विनोद एकच चाललेला, की यंदा कोंबडीचं डोकं म्हणजे ती नवी खतावणी. डोकं आ-थाओकडे. तिनं हळूच तबक ढकललं, ते आलं गोदामाच्या मास्तरांकडे. मास्तरांनी ढकललं, ते गेलं मिस चिएनकडे, ती बिचारी नोकरीला आमच्याकडे नाहीच, तरी तिनंही ढकललं. मग कुणी तबकाला हात लावीना. मासा पलीकडे राहिला, कोळंबी पलीकडे राहिली, सूप गार व्हायला लागलं आणि आम्ही दहा माणसं उपाशी कोंबडीकडे बघत बसलेलो. आ-थाओ माझ्या कानात म्हणाली, "मला ती कोळंबी मिळाली नाही तर मी आपण होऊन राजीनामा देते."

का कोण जाणे, मला एकदम राग आला. कोंबडीचा नाही, सगळ्याचाच. मी उठले, तबक फिरवलं, डोकं बरोबर माझ्याकडे आणलं, तबकावर हात दाबून धरला आणि म्हटलं, आता वाढा एकमेकांना, मी धरलंय. जेवा सगळे. लोक इतके हसले, टाळ्या काय वाजवल्या! आ-थाओनं कोळंबीचा ढीग केला. मी जेवले नाही, हात गुंतलेला होता. त्या कोंबडीच्या मिटल्या डोळ्यांकडे बघताना माझ्या मनात आलं, की मी तुझ्याकडे अशीच वळवायला निघाले होते. तुझ्याकडे, थूईकडे, त्या सगळ्या पॉलिशवाल्या बायकांकडे. मला रडू यायला लागलं आणि मी मिरचीवर ढकललं. वरच्या टेबलावरून मालकीणबाई बघत होत्या, ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी मांडलं, वाटणी कामाप्रमाणे. कागद दाखवले, कोणाचं किती काम कचेरीत येतं ते सांगितलं. तुझी ओळ काळी झाली, माओलिन, म्हणजे फायद्यात. फार मोठी कमाई नाही, पण काळी, स्वतःच्या जिवावर. आणि फुकट जाणारं पितळ कमी झालेलं स्पष्ट दिसतं, थूईला सांग, लूकांगला दिसलं. धाकटे मालक जरा कुरकुरले. त्यांच्या मनात तिकडचं आवरून टाकायचं होतं असं मला वाटतं. पण मिस चिएन म्हणाली, ताईंची रीत जास्त खरी आहे. मालकीणबाईंनी शिक्का उठवला. झालं. मला वाटलं, आता मला झोप लागेल.

मीटिंग संपल्यावर मी चहाच्या खोलीत कप विसळत होते तर मालकीणबाई मागून आल्या. त्या अशा कधी येत नाहीत. म्हणाल्या, "सूछिंग, मला वाटलं होतं तू डोक्याप्रमाणे मागशील. मागितलं असतंस तर मी अडवणार नव्हते. नवऱ्याला आणायला बायको अजून काय काय करते." मी मान खाली घालून कप विसळत राहिले. मग त्या माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "मी तरी काय करू गं? दोनदा सांगितलं मी त्याला, ये परत म्हणून. इकडची भट्टी सांभाळ, पगार तोच देते. एकदा थोरले असताना, एकदा मागच्या वर्षी. दोन्ही वेळा म्हणाला, मला इथेच राहू द्या. मी म्हटलं, सूछिंगला विचारलंस का? म्हणाला, विचारलं, तिची हरकत नाही."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हो, बोलला होता तो मला. हसलेसुद्धा. तुझी अब्रू राखली की माझी, अजून ठरवते आहे. त्या गेल्यावर तोच एक कप मी परत परत विसळत बसले, शेवटी आ-थाओ आत आली आणि तिनं नळ बंद केला. नळ आपल्याच कंपनीचा, बरं का. अजिबात गळत नाही.

तेव्हापासून ही चुळबूळ दुप्पट झालीय. आधी वाटायचं कंपनी आणि मी, आमचं भांडण आहे आणि तू मध्ये अडकलायस. आता भांडायला समोर कुणीच नाही. किती संत्री वाटून टाकली मी त्या बाईची! आणि या वर्षी तर तू नव्या वर्षालाही येणार नाहीस म्हणालास, सुट्टीत भट्टी उघडायची आहे म्हणून. आ-ख्वानला काल सहज विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, भट्टीला मी आहे ना, माओलिनदादाचं तिथे काय काम? मी त्याला म्हटलं होतं की तू जा घरी." बिचाऱ्याला कळलंही नाही तो काय बोलून गेला. त्याच्यावर चिडू नकोस. हे पत्र तोच आणतोय आणि पोळ्याही.

आ-थाओ मला सारखी विचारते, तिकडे कुणी दुसरी आहे का, सगळ्यांची असते म्हणे. मी तुला ते विचारत नाही. मी एकदाच तिथे आले होते, तेव्हा तुला बघितलं होतं. अंगणात उभा राहून तू कुणाला तरी ओरडत होतास, सगळ्या बायका हसत होत्या आणि तूही हसत होतास, मोठ्यानं, मान मागे टाकून. तसा तू घरी कधी हसला नाहीस, निदान मला आठवत नाही. मला दुसऱ्या बाईची भीती वाटत नाही, माओलिन. मला भीती वाटते ती ही की तिथे कुणीच नसेल आणि तरीही तुला यायचं नसेल. आता लिहून टाकलं एकदाचं.

दिवे लागले. सगळे उठतायत, आ-थाओच्या गालावर उशीची नक्षी उमटलीय. मला आवरायला हवं, म्हणून हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते सांगते. तुझा कारखाना चालू राहणार. खतावणी तुला घरी पाठवणार नाही, ती वाट मी माझ्या हातानं बंद केली. आणि कंपनी तुला अडवत नाही, तिनं कधीच अडवलं नव्हतं. यायचं असेल तर तूच यायचं आणि यायचं नसेल तर तूच तसं म्हणायचं, मला, तोंडानं, अस्वलाच्या नाही. वर्षअखेरच्या रात्री घरच्या जेवणाला जो येऊ शकत नाही त्याची वाटी आणि जेवायच्या काड्या आपण मांडतो. यंदा तूच येत नाहीस म्हटल्यावर पिनयूनं विचारलं, बाबांची मांडायची ना? मी म्हटलं, नाही. ती वाटी ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी असते. तुझी वाटी कपाटात आहे, वरच्या फळीवर, डाव्या हाताला. मासा मी मोठाच आणणार आहे. आलास तर वाटी तुझी तू काढून घे.

अजून तरी तुझीच,
सूछिंग